एपीचं गणित मेडिकलला चालतं का?

मागच्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतल्या एक ताई मुलीला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आल्या. मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि कॉलेजनंतर मेडिकलला जायचं पक्कं होतं. एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, हायस्कूलमध्येच घ्यायचा कॉलेजच्या पातळीचा कोर्स. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी तिने एपी कॅल्क्युलस बीसी या परीक्षेत पाचपैकी पाच मिळवले होते, कॉलेजने त्याचं क्रेडिटही दिलं होतं. पण कुणाकडे तरी सत्यनारायणाला गेलेल्या ताईंच्या कानावर आलं, की मेडिकल स्कूल एपी धरतच नाहीत. तेव्हापासून एकच धोशा: कॅल्क्युलस पुन्हा घे. त्याच सत्रात ऑरगॅनिक केमिस्ट्री, तीही लॅबसकट. पोरगी रडकुंडीला आली होती.

याला सरसकट 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर नाही. काही मेडिकल स्कूलना गणिताची अटच नसते, काहींना एपी चालतं, तर काहींना त्याच्या जोडीला कॉलेजातला वरचा एखादा कोर्स हवा असतो. एएएमसीच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या, 'एमसार' या यादीत प्रत्येक स्कूलची अट दिलेली असते. जिथे अर्ज करायचाय ती दहा-पंधरा नावं तिथे स्वतः तपासायची. ऐकीव माहितीवर सत्र ठरवायचं नाही, हे मी ताईंना जरा ठासूनच सांगितलं.

मग मुलीला ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे कॉलेजची गुणपत्रिका, उघडायला लावलं. सगळ्यात वर एक ओळ होती: 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, ८ क्रेडिट'. बस्स. विषयाचं नाव नाही, कोर्सचा नंबर नाही. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. खरी अडचण इथे होती. एपीचं क्रेडिट अर्जात दाखवायचं तर ते कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर विषयासकट दिसायला हवं. नुसत्या आठच्या आकड्यावरून गणित की इतिहास, कुणाला कळणार? रजिस्ट्रारला काय लिहायचं ते तिने तिथेच बसून टाइप केलं.

"मग गणित घ्यायचंच नाही?" ताईंचा जीव अजून थाऱ्यावर नव्हता.

घ्यायचं, पण तेच नाही. एपीच्या क्रेडिटला ग्रेड नसते, म्हणून विज्ञान-गणिताच्या जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, ते धरलं जात नाही. मी तिला पुढच्या सत्रात स्टॅटिस्टिक्स सुचवलं. बरीच स्कूल ते मागतात किंवा घ्यावं असं सांगतात. एमकॅटमध्ये, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, कॅल्क्युलस विचारत नाहीत, पण प्रयोगांचे तक्ते आणि आलेख वाचावेच लागतात. पुढे डॉक्टर झाल्यावर एखादं औषध खरंच उपयोगी पडतंय का, हे समजायलाही तेच लागतं. येणारं गणित नुसत्या भीतीपोटी पुन्हा गिरवण्यात हुशार मुलांची सत्रं जातात, हे बघून मला फार वाईट वाटतं.

तीन आठवड्यांनी तिने नवं ट्रान्सक्रिप्ट पाठवलं. 'कॅल्क्युलस १' आणि 'कॅल्क्युलस २', चार-चार क्रेडिट, वेगवेगळ्या ओळींवर. खाली ताईंचा मेसेज होता: "स्टॅटिस्टिक्सला नाव घातलंय. काल रात्री नीट झोपली."