सर्टिफिकेट बसवलं, एचटीटीपीएसवर वळवणाऱ्या ओळी टाकल्या आणि ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ येऊन साइटच उघडेना. काय चुकलं?

तुमची अडचण मला समजली ती अशी: तासगावच्या बेदाण्याची साइट आहे, वर्डप्रेसवर. सुरक्षित, कुलूपबंद जोडणीसाठी (एचटीटीपीएस) लागणारं सर्टिफिकेट बसवलंय. पण बॉक्सवर छापलेला क्यूआर कोड जुना, साध्या एचटीटीपीचा; तो स्कॅन करून येणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘नॉट सिक्युअर’ दिसतं. म्हणून व्हिडिओ बघून एचटीॲक्सेस फाइलमध्ये (सर्व्हरला सूचना देणारी फाइल) तीन ओळी टाकल्या, आणि आता साइटच उघडत नाही. पुढे एक फुकटवाली सीडीएन सेवा (गिऱ्हाईक आणि तुमचा सर्व्हर यांच्या मध्ये उभी राहून पानं पोचवणारी) लावलीय, हेही तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. खरं तर ते पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

आधी त्या तीन ओळी काढा. दोन दिवस ‘नॉट सिक्युअर’ दिसलं तर चालेल, दुकान बंद दिसायला नको.

मी सांगलीत विश्रामबागला बसून अशीच छोट्या व्यापाऱ्यांच्या साइटची कामं करतो. हळदवाले, भडंगवाले, क्लासवाले. तुमच्या ओळी बहुतेक बरोबरच असणार. गडबड मधल्या सेवेत आहे. गिऱ्हाइकाच्या फोनपासून त्या सेवेपर्यंतची जोडणी एचटीटीपीएस, पण तिथून पुढे तुमच्या सर्व्हरपर्यंत ती साध्या एचटीटीपीनं, ८० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे साध्या वाटेच्या दारावर, येते. तुमचा सर्व्हर बघतो की साध्या वाटेनं कुणीतरी आलंय, आणि सांगतो, एचटीटीपीएसवर या. मधली सेवा हा निरोप जसाच्या तसा फोनला देते. फोन म्हणतो, मी तर एचटीटीपीएसवरच आहे, बरं, पुन्हा येतो. पुन्हा मधली सेवा साध्या वाटेनं सर्व्हरकडे. क्रोम अशा वीस फेऱ्या मारतो आणि हात टेकतो.

उपाय दोन आहेत. खरा उपाय असा की त्या सेवेच्या पॅनलमध्ये एन्क्रिप्शनचा प्रकार ‘फ्लेक्सिबल’वर असेल तो ‘फुल’, आणि त्यातही ‘स्ट्रिक्ट’ करा. तुमच्या सर्व्हरवर सर्टिफिकेट आहेच, त्यामुळे दोन मिनिटांचं काम. दुसरा उपाय म्हणजे ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हा हेडर, म्हणजे विनंतीसोबत येणारी चिठ्ठी, तपासायचा. मूळ गिऱ्हाईक कुठल्या वाटेनं आलं ते मधली सेवा त्यात लिहून पाठवते. फेऱ्या त्यानंही थांबतात. पण मग सेवेपासून सर्व्हरपर्यंत गिऱ्हाइकाचा पत्ता, फोन नंबर, ऑर्डर सगळं उघडंच जातं आणि गिऱ्हाइकाला मात्र जोडणी सुरक्षित असल्याचं दिसतं. मला ते पटत नाही. पहिलाच उपाय करा.

हे झालं की ओळी परत टाका. कमांड इथे मराठी अक्षरांत लिहितोय, फाइलमध्ये अर्थातच इंग्रजीत. तुमचा सर्व्हर अपाची या प्रोग्रॅमवर चालत असेल तर: रीराइट इंजिन ऑन, मग अट, एचटीटीपीएस ऑफ असेल तर, मग नियम, एचटीटीपीएस लावून तोच होस्ट आणि तोच पूर्ण पत्ता. या ओळी वर्डप्रेसच्या ‘बिगिन वर्डप्रेस’ या ओळीच्या वर हव्यात. खाली टाकल्या तर वर्डप्रेसचे नियम आधी लागतात, आतल्या पानांच्या बाबतीत गाडी आपल्या ओळींपर्यंत पोचतच नाही आणि पाच किलो हिरव्या बेदाण्याची लिंक उघडणारा माणूस साध्या वाटेवरच राहू शकतो. सर्व्हरची मुख्य कॉन्फिग फाइल हातात असेल तर एचटीॲक्सेसच्या भानगडीतच पडू नका. ८० नंबरच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये ‘रीडायरेक्ट परमनंट’ची एक ओळ पुरते. अपाचीऐवजी एनजिनएक्स असेल तर ८० वर ऐकणारा वेगळा सर्व्हर ब्लॉक करायचा, त्यात ‘रिटर्न ३०१’ (या आकड्याचा अर्थ पुढे सांगतो) आणि पुढे एचटीटीपीएस लावून होस्ट व रिक्वेस्ट-यूआरआय ही दोन व्हेरिएबल्स. बदल चालू करण्याआधी ‘एनजिनएक्स हायफन टी’नं फाइल तपासा.

एवढंच असतं तर मी एवढं लांबलचक लिहिलं नसतं. ओळ एकच आहे, ती कुणीही टाकेल. पण ती टाकल्यावर काही गोष्टी तुमच्या सर्व्हरवर राहत नाहीत, गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये जाऊन बसतात. तिथवर आपला हात पोचत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधला पूर सांगलीत कुणी विसरलं नसेल. माझ्या ओळखीच्या एका भडंगवाल्यानं तेव्हा जुन्या गाळ्याच्या शटरवर पाटी लावली होती: ‘पाणी ओसरेपर्यंत दुकान अमुक ठिकाणी’. पुढे त्यानं गाळाच सोडला, तेव्हा पाटी बदलली: ‘दुकान कायमचे हलवले आहे’. सर्व्हरच्या भाषेत पहिली पाटी म्हणजे ३०२ हा आकडा, दुसरी ३०१. पहिली वाचलेला माणूस पुढच्या वेळीही आधी जुन्या गाळ्यावर येऊन बघतो. दुसरी वाचलेला वहीत पत्ताच खोडून नवा लिहितो. ब्राउझर ३०१ चं उत्तर आपल्याकडे साठवून ठेवतो, सर्च इंजिनंही नवा पत्ता धरून चालतात. म्हणून नवी साइट वळवताना मी आधी दोन-तीन दिवस ३०२ ठेवतो. सगळं नीट दिसलं की आकडा बदलून ३०१ करतो. तुमच्या बाबतीत एक शक्यता आहे: तो चक्राकार ३०१ ज्यांच्या फोनमध्ये साठला असेल त्यांना सर्व्हर दुरुस्त झाल्यावरही काही काळ तीच चूक दिसेल. तुमच्या स्वतःच्या फोनला दिसली तर घाबरू नका, आधी इनकॉग्निटोमध्ये उघडून बघा.

पाटी लावायची तर शटर जाग्यावर हवं. ‘आता एचटीटीपीएस आहे ना’ म्हणून फायरवॉलवर ८० नंबरचं पोर्टच बंद करणारे महाभाग मी पाहिलेत. तुमचे छापलेले बॉक्स वर्षभर फिरणार. ते स्कॅन करणारा माणूस ८० वर येऊन दार ठोठावू शकतो. शिवाय लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं ९० दिवसांचं सर्टिफिकेट असेल आणि त्याची पडताळणी एचटीटीपीच्या पद्धतीनं होत असेल, तर त्यांचा सर्व्हरही ८० वरच येऊन ती खुणेची फाइल मागतो. पोर्ट बंद असेल तर नूतनीकरण अडकतं, आणि ते कळतं सर्टिफिकेट संपल्यावरच.

आणि हो, हा ‘नॉट सिक्युअर’चा दोष तुम्हाला स्वतःला का दिसला नव्हता ते सांगतो. २०२१ मध्ये आलेल्या क्रोम ९० पासून नुसतं नाव टाइप केलं की क्रोम आधी एचटीटीपीएसच करून बघतो. मालक नाव टाइप करतो, त्याला सगळं ठीक दिसतं. गिऱ्हाईक मात्र जुन्या व्हॉट्सॲप लिंकवरून, क्यूआरवरून येतं. त्याचा ब्राउझर अशी लिंक आपणहून एचटीटीपीएसवर नेत नसेल, तर ‘नॉट सिक्युअर’ दिसतं ते त्याला. क्रोम २०१८ च्या जुलैपासून, म्हणजे ६८ व्या आवृत्तीपासून, प्रत्येक एचटीटीपी पानावर ते लिहितो.

आता एचएसटीएस, म्हणजे ब्राउझरला एचटीटीपीएसनंच यायला लावणारी सूचना. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओत ‘हेही टाका, आणखी सुरक्षित’ असं सांगितलं असणार. खोटं नाही. नुसत्या रीडायरेक्टमध्ये एक फट राहते: फोनची पहिली विनंती साध्या वाटेनं जाऊ शकते. फुकटच्या वायफायवर मध्ये बसलेला माणूस ती विनंती पकडून गिऱ्हाइकाला साध्याच जोडणीवर ठेवू शकतो. तुमची पाटी वाचायच्या आतच कुणीतरी दुकानदार असल्याचं सोंग घेऊन ऑर्डर घ्यावी, तसं. मॉक्सी मार्लिनस्पाइक या सुरक्षा संशोधकानं २००९ मध्ये हे जाहीरपणे करून दाखवलं होतं. त्यावर २०१२ मध्ये एचएसटीएसचं मानक आलं. सर्व्हर एक हेडर पाठवतो, की पुढचे इतके सेकंद माझ्याकडे एचटीटीपीएसनंच यायचं, आणि मग ब्राउझर साध्या वाटेकडे वळतसुद्धा नाही.

यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. मार्केट यार्डातल्या एका हळद व्यापाऱ्याच्या साइटला मी उत्साहात एक वर्षाचा एचएसटीएस लावला, म्हणजे ३,१५,३६,००० सेकंद, आणि वर ‘इन्क्लूड सबडोमेन्स’, म्हणजे मुख्य नावाआधी शब्द जोडून केलेल्या सगळ्या उपनावांनाही तोच नियम. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दिवाणजींचा फोन: “बिल निघंना झालंय, गाड्या थांबल्यात.” त्यांचा बिलाचा प्रोग्रॅम पेढीतल्याच एका जुन्या संगणकावर होता, आणि कधीतरी कुणीतरी त्याला ‘बिल’ नावाचं सबडोमेन देऊन ठेवलं होतं, साध्या एचटीटीपीवर. मला ते माहीतच नव्हतं. विचारलंच नव्हतं मी. गंमत अशी की पेढीतल्या तीन संगणकांपैकी दोनच अडले होते, तिसऱ्यावर बिल निघत होतं. अर्धा तास डोकं खाजवल्यावर उमगलं: ज्या दोघांवर आदल्या दिवशी नवी साइट कौतुकानं उघडून बघितली होती, त्यांनीच तो हेडर लक्षात ठेवला होता. तिसऱ्यानं साइट उघडलीच नव्हती.

हेडरमधली मुदत शून्य केली, त्या दोन संगणकांवर मुख्य साइट एकेकदा उघडायला लावली, तेव्हा बिल सुरू झालं. नंतर ‘बिल’लाही सर्टिफिकेट घेतलं. तो संगणक इंटरनेटवर उघडा नव्हता, म्हणून डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावांच्या नोंदवहीत, टीएक्सटी नोंद टाकून पडताळणी करावी लागली. दोनच संगणक होते म्हणून निभावलं. शंभर गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये जाऊन मुख्य साइट उघडा म्हणून कुणाला सांगणार?

तेव्हा एचएसटीएस लावाच, पण मुदत पाच मिनिटांपासून सुरू करा, म्हणजे ३०० सेकंद. मग एक आठवडा, मग महिना, मग वर्ष. सबडोमेन्सचा शब्द घालण्याआधी डीएनएसची यादी उघडून एकेक नोंद वाचा. मेल, टेस्ट, जुना ब्लॉग, काय काय सापडेल सांगता येत नाही. प्रीलोड यादीत (फक्त एचटीटीपीएसनंच उघडायच्या साइटची यादी) मात्र नाव देऊ नका. ती यादी ब्राउझरबरोबरच येते, आणि तिच्यातून नाव निघून सगळ्यांच्या फोनपर्यंत पोचायला महिने जातात. बेदाण्याच्या दुकानाला त्याची घाई नाही.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय, दोन्ही नावं सर्टिफिकेटमध्ये आहेत का बघा. एचटीटीपीएसवर आधी सर्टिफिकेट तपासलं जातं, मग रीडायरेक्टचा निरोप मिळतो. त्यामुळे एक नाव सुटलं तर तिथे वळवणं होण्याआधीच ‘जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा देणारं पान येतं.

पेमेंट गेटवेचा कॉलबॅक पत्ता (पैसे आल्याचा निरोप ते जिथे पाठवतात तो) त्यांच्या पॅनलमध्ये स्वतः बदलून एचटीटीपीएसचा करा. तो निरोप ‘पोस्ट’ पद्धतीनं, म्हणजे मजकूर सोबत घेऊन येतो, आणि ३०१ मिळाल्यावर बऱ्याच ठिकाणी ‘पोस्ट’चं ‘गेट’ (नुसतं पान मागणं) होऊन आतला मजकूर गळतो. पैसे जमा, ऑर्डर ‘पेंडिंग’. ३०१ ऐवजी ३०७ किंवा ३०८ दिला तर पद्धत टिकायला हवी, पण मी त्यावर विसंबत नाही. वर्डप्रेसच्या सेटिंगमधले दोन्ही पत्ते एचटीटीपीएस करा आणि जुन्या पोस्टमधल्या फोटोंच्या लिंकही बदला, नाहीतर पान सुरक्षित आणि आतले बेदाण्याचे फोटो साधे, अशी खिचडी होते.

तपासायला ब्राउझर वापरू नका, तो साठवलेलं दाखवतो. टर्मिनलमध्ये ‘कर्ल हायफन कॅपिटल आय’ लिहून पुढे पत्ता द्या. चार रूपं तपासा: साधं आणि सुरक्षित, दोन्ही डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय. तीन रूपांनी एक-दोन उड्यांत चौथ्याकडे पाठवायला हवं, आणि चौथ्यानं २००, म्हणजे ‘सगळं ठीक’, म्हणायला हवं. मग आतल्या एखाद्या पानाचा पत्ता देऊन बघा, उत्तरातल्या ‘लोकेशन’च्या ओळीत तो पूर्ण येतोय ना.

‘फुल’ केल्यावरही साइट फिरतच राहिली तर त्याच आदेशाचं पूर्ण उत्तर मला पाठवा, कोण कुणाला परत पाठवतंय याचा त्यातून बहुतेक अंदाज येतो. आणि दिवाळीच्या ऑर्डरी जोरात असतील तेव्हा एचएसटीएसच्या मुदतीला हात लावू नका, ते काम नंतर करा.