घरातल्या घरात तब्येतीची स्पर्धा लावायची असेल तर वजनकाटा आधी माळ्यावर टाका

तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं. हाच उद्योग आम्ही करून बसलोय, तोही दोनदा. तुम्ही लिहिलंय की घरात सहा माणसं, वयं ९ ते ७१, सगळ्यांचंच खाणं-फिरणं बिघडलंय, म्हणून तीन महिन्यांची स्पर्धा ठेवायची आणि जो सगळ्यात जास्त वजन उतरवेल त्याला ५,००० रुपये द्यायचे. तर नियम काय असावेत?

पहिला नियम असा की ते वजन आणि ते पाच हजार, दोन्ही काढून टाका. मग पुढचं बोलू.

आम्ही नाशिकला, इंदिरानगरात. खाली सासू-सासरे, मिस्टर, मी आणि आमचा दहा वर्षांचा मुलगा. वरच्या मजल्यावर दीर, जाऊबाई आणि त्यांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी. स्वयंपाकघरं दोन, पण रविवार एकत्र. आणि रविवार म्हणजे मिसळ, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको.

जानेवारी २०२४ मध्ये दिरांनी ही टूम काढली. वजनाची स्पर्धा, बक्षीस रोख. पहिल्या आठवड्यात मजा आली. दुसऱ्या आठवड्यात दिरांनी रात्रीचं जेवण बंद केलं आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसायला लागले. सासूबाईंचं वजन मुळात ४८ किलो, त्या म्हणाल्या, “मी काय आता हाडं उतरवू?” इथपर्यंत गंमत होती. तिसऱ्या आठवड्यात जाऊबाईंच्या लक्षात आलं की लेक रोज डबा मैत्रिणींना वाटून टाकतेय आणि संध्याकाळी “भूक नाही” म्हणतेय. तेव्हा पंधरा वर्षांची मुलगी, दहावीचं वर्ष तोंडावर. त्याच रात्री स्पर्धा बंद केली आणि काटा माळ्यावर गेला. तो अजून तिथेच आहे. तुमच्या घरात वाढत्या वयाचं लेकरू असेल तर ही एकच गोष्ट माझ्या उत्तरातून घ्या, बाकी सोडून दिलंत तरी चालेल.

तसाही काटा आपल्या लोकांना फसवतो. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला होता. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, बरोब्बर २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीचे, असे आपण बरेच जण असतो. आमचे सासरेच बघा ना. आयुष्यभर सडपातळ, पँटचा पट्टा कधी पुढच्या भोकात गेला नाही, आणि शुगर पंधरा वर्षांपासून. वजनावर स्पर्धा लावली तर त्यांना करण्यासारखं काही उरतच नाही, आणि घरात सगळ्यात जास्त गरज तर त्यांनाच.

दुसऱ्या वेळी आम्ही शहाणे झालो. तुळशीच्या लग्नाला सुरुवात आणि संक्रांतीला शेवट, साधारण नऊ आठवडे. हा काळ मुद्दाम निवडला. दिवाळीचा फराळ संपलेला असतो, मेथी, मटार, गाजर, मुळा सगळं ताजं आणि स्वस्त असतं, आणि नाशिकच्या थंडीत भूकही कडकडून लागते. एक जानेवारीचा मुहूर्त धरू नका, कारण तोवर लग्नसराई लागलेली असते आणि पंधरा दिवसांत संक्रांतीचा गूळ दारात येतो.

नियम असा केला की ज्याने त्याने आपल्या तीन सवयी आपणच निवडायच्या. त्या दिवशी पाळली तर फ्रिजवरच्या तक्त्यात एक गुण, नाही तर शून्य. दिवसाला जास्तीत जास्त तीन, आठवड्याला एकवीस. सवय अशी हवी की हो किंवा नाही यात उत्तर देता यावं. “कमी गोड खाईन” चालणार नाही, “चहा दिवसातून दोनदाच, अर्धा चमचा साखरेचा” चालेल. मिस्टर अंबडच्या एमआयडीसीत कामाला आहेत. त्यांनी लिहिलं की कँटीनचा वडा आठवड्यातून एकदाच. मग उरलेल्या सहा दिवसांचे गुण आपोआप मिळणार का, यावर अर्धा तास वाद झाला. मुलाने लिहिलं, डब्यातली भाजी संपवीन आणि रोज एक तास बाहेर खेळेन. तो तास मी सुचवला होता. ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं घाम येईल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. ते तर कोणालाही जमतं.

माझी एक सवय सांगते, कारण ती बहुतेक बायकांची असेल. सगळ्यांची पानं झाल्यावर कढईतली उरलेली भाजी, कोणाच्या ताटातली अर्धी पोळी, वाटीतला घोटभर रस्सा, हे सगळं ओट्याशी उभ्या उभ्या पोटात घालायचं. का, तर वाया जाऊ नये. मी लिहिलं : ‘उरलेलं ओट्याशी खाणार नाही.’ पहिले दोन आठवडे माझे सगळ्यात जास्त गुण इथेच गेले. जाऊबाई हे वाचून म्हणाल्या, “अगं, मी हे जेवण म्हणून धरतच नव्हते.” त्यांनीही दुसऱ्या दिवशी आपली तिसरी सवय बदलून हीच घेतली.

मग जोड्या. चिठ्ठ्या टाकून आठ जणांच्या चार जोड्या केल्या आणि त्यातला कळीचा नियम पुतणीने काढला : जोडीतल्या ज्याचे गुण कमी असतील, तेच जोडीचे गुण धरायचे. याने सगळा खेळच फिरला. एकट्याने पुढे पळून उपयोग नाही, मागच्याला ओढत न्यावं लागतं. सासूबाईंच्या जोडीला नातू आला. रोज संध्याकाळी पाच वाजता आजी चपला घालून दारात उभी, “ऊठ रे, तुझ्यापायी माझे गुण जातात.” एरवी मी हाच मुलगा टीव्हीपुढून हलावा म्हणून घसा फोडत असते.

लबाडी होणार, ती गृहीत धरा. सुरुवातीला आम्ही चालण्याचे गुण मोबाइलमधल्या पावलांवर ठेवले होते, दहा हजार वगैरे. एकदा सासूबाईंची तीन हजार पावलं झाली, तीही घराबाहेर न पडता. चौकशीअंती कळलं की नातवाने फोन आजीच्या हातात दिला होता आणि आजी झोपाळ्यावर बसून जपमाळ ओढत होत्या. फोनला बिचाऱ्याला हलणं आणि चालणं यातलं काय कळणार? त्यानंतर पावलं बंद, मिनिटं सुरू. तसंही दहा हजार हा काही वैद्यकशास्त्रातून निघालेला आकडा नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलं मोजणारं’ असा होता, आणि तो आकडा चिकटला तो चिकटलाच. चालायला आम्ही इंदिरानगरचाच जॉगिंग ट्रॅक धरला. गोल्फ क्लब मैदान छान आहे, पण रोज तिथवर गाडीने जाऊन मग चालायचं हे मला काही पटलं नाही.

आता खरा मुद्दा, जो कोणत्याही पुरुषाच्या तक्त्यात आला नव्हता. सगळ्यांनी उत्साहाने लिहिलं : जेवणात कोशिंबीर, रोज एक मोड आलेलं कडधान्य, पालेभाजी. छान. पण मेथी निवडणार कोण? मटकी भिजवायची आठवण कोण ठेवणार? पहिल्या आठवड्यात माझा आणि जाऊबाईंचा स्वयंपाकघरातला वेळ रोज तासभर वाढला, आणि त्याच तासात आम्हाला चालायला जायचं होतं. गुण त्यांचे वाढत होते, चिरणं आमचं. दुसऱ्या रविवारी आम्ही दोघींनी सरळ संप केला. तेव्हापासून नियम झाला की ज्याच्या तक्त्यात कोशिंबीर, त्याने ती चिरायची. नाहीतर खाल्ली तरी गुण शून्य. दीर आता गाजर इतकं बारीक किसतात की पाहुण्यांना खरं वाटत नाही. सासऱ्यांनी पालेभाजी निवडायचं काम घेतलं, पेपर वाचता वाचता. शेपूची काडी शेपूत राहते कधी कधी, पण आपण बोलायचं नाही.

तेलाचा वेगळा प्रकार केला. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या २,००० कॅलरींच्या नमुन्याच्या ताटात तेल-तूप मिळून दिवसाला २७ ग्रॅम धरलंय, म्हणजे सहाएक चहाचे चमचे. आमच्या खालच्या पाच माणसांचे महिन्याचे झाले चार किलो, लिटरमध्ये साधारण साडेचार. आमच्याकडे जायचं किती? किराण्याची जुनी यादी काढली तर सात लिटर, तूप वेगळं! मग एक तारखेला साडेचार लिटरचा एक कॅन भरून ठेवला आणि वरच्या मजल्यावर त्यांच्या तिघांच्या हिशोबाचा दुसरा. ज्याचा कॅन महिनाअखेर पुरेल त्या स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना वीस गुण. पहिल्या महिन्यात आमचा कॅन २३ तारखेला संपला. दुसऱ्या महिन्यात २९ ला. वरचे जिंकले, पण त्यांनी आमच्याकडे येऊन भजी खाल्ली होती, हे इथे नमूद करते.

मिसळ बंद केली का? नाही. बंद केली असती तर स्पर्धा पहिल्याच रविवारी आटोपली असती. अट एवढीच की आधी पांडवलेणी चढायची. आमच्यापासून ती जवळ, त्रिरश्मी डोंगराच्या पायऱ्या सावकाश चढलं तरी वीसेक मिनिटं. चढून आल्यावर मिसळ, आणि महिन्यातले दोन रविवार ती घरची : मटकी दुप्पट, शेव-फरसाण मूठभर, काळ्या मसाल्याचा रस्सा तोच पण वर तेलाचा थर नाही, आणि पाव एकच. मिस्टरांचं म्हणणं, थर नाही तर ती मिसळ नव्हे, उसळ. असू दे.

पांडवलेणीचा एक किस्सा सांगायलाच हवा. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा. त्यात तिने आपल्या लेकाच्या पराक्रमाचं भरभरून वर्णन केलंय. पुतणीने हे आजीला समजावून सांगितलं. त्या आठवड्यात सासूबाईंचे दोन गुण मिस्टरांनी कापले होते, बिस्किटावरून. सासूबाई तिथेच म्हणाल्या, “तिने लेकाचं कौतुक दगडात कोरून ठेवलं, आणि माझा लेक आईचे दोन गुण फ्रिजवर लिहीना.” ते दोन गुण अजून वादात आहेत.

सासूबाईंचं माहेर त्र्यंबककडचं. लहानपणी घरात नागलीचीच, म्हणजे नाचणीची, भाकर असायची. इथे आल्यावर नागली म्हणजे तळलेला पापड, एवढीच आमची ओळख उरली. त्यांनी आठवड्यातून तीनदा भाकरी थापायला घेतली. शंभर ग्रॅम नागलीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं हे मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, असेल, पण लोणी हवं. लोण्याचा हिशोब तेलाच्या कॅनमध्ये धरायचा का, हा वाद मी मुद्दाम काढला नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. तुमच्याकडे ७१ वर्षांचं कोणी आहे, म्हणून सांगते. तिसऱ्या आठवड्यात सासरे उत्साहाच्या भरात सकाळची शुगरची गोळी घेऊन काही न खाता तासभर चालून आले. घरात पाऊल टाकलं आणि दरदरून घाम, हात थरथरायला लागले. लगेच साखरेचं पाणी दिलं, मीटरवर बघितलं तर ६२. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासून मग खायला दिलं. शुगरच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन यांवर असणाऱ्यांनी चालणं वाढवलं किंवा जेवण कमी केलं तर साखर अशी खाली येते. त्यांच्या डॉक्टरांना स्पर्धेच्या आधी विचारायला हवं होतं, ते आम्ही नंतर विचारलं. त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली. तुम्ही सुरू करायच्या आधीच विचारा.

बक्षिसाचं म्हणाल तर पैसे नकोत. पैसे आले की मुलं खोटे गुण लिहितात आणि मोठी माणसं त्याहून जास्त. आमच्याकडे जिंकलेल्या जोडीला महिनाभर रविवारची भांडी माफ आणि मिसळ कुठली, हे ठरवायचा अधिकार. जिंकली वरच्यांची, म्हणजे दीर-पुतणीची जोडी. ज्या मुलीमुळे पहिली स्पर्धा बंद केली तिनेच दिरांना नऊ आठवडे रात्री वेळेवर जेवायला लावलं, स्वतः शेजारी बसून. संक्रांतीला गुळाची पोळी सगळ्यांनी खाल्ली, गुणांशिवाय.

स्पर्धेनंतर काय टिकलं, हे खरं खरं सांगते. चालणं निम्म्यांचं टिकलं. कोशिंबीर टिकली. मिस्टरांचा वडा परत आला. तेल साडेपाच लिटरवर आहे. माझं ओट्याशी उभं राहून खाणं सुटलं असं म्हणणार होते, पण काल रात्रीचा साबुदाणा कोणी संपवला, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट लिहायची राहिली. तुमच्याकडे ओट्याशी कोण असतं? एकच जण असेल तर गुणांची वाटणी वेगळी करावी लागेल. खाली लिहा, मग आमच्या तक्त्याचा त्यासाठीचा नमुना सांगते.