टेकड्या जोडायच्या आहेत, मग कोणती डिग्री?

"मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतलंय. पहाटे तळजाई टेकडीवर पक्षी बघायला जाते. पुण्यातल्या टेकड्या, ओढे, बागा एकमेकांना जोडायचं काम करायचंय म्हणते. अशी नोकरी असते का? बॉटनीला घालावं का?" – एक आई, सहकारनगर

ताई, असं काम नक्की आहे, फक्त त्या नावाने जागा निघत नाहीत. म्हणून डिग्री निवडताना घाई नको.

सिंगापूरमध्ये १९८६ साली एक्स्प्रेसवे झाला आणि बुकिट तिमाहचं जंगल शेजारच्या जंगलापासून तुटलं. २०१३ मध्ये त्या रस्त्यावर प्राण्यांसाठी ६२ मीटरचा पूल बांधून त्यावर देशी झाडं लावली. आज खवले मांजरंही त्यावरून ये-जा करतात.

पुण्याला टेकडीपासून नदीपर्यंतची वाट निसर्गानेच दिली आहे. तुमचा आंबिल ओढाच घ्या, कात्रजकडून येतो आणि मुठेला मिळतो. काठावर उंबर, करंज शिल्लक असले की खारी, पाखरं झाडाझाडांवरून पुढे सरकतात. काँक्रीटची भिंत आली की तिथेच वाट संपते. (२०१९ च्या सप्टेंबरमध्ये याच ओढ्याला आलेला पूर सहकारनगरला वेगळा सांगायला नको.) आता काठाला किती जागा सोडायची, हे शहराचा विकास आराखडा ठरवतो. आणि पक्षी ओळखणारं माणूस आराखडा करणाऱ्यांत फार कमी सापडतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: गणित सोडू देऊ नका, बी.प्लॅन.चा, म्हणजे नियोजनाच्या पदवीचा विचार करा. दिल्ली, भोपाळ, विजयवाड्याच्या एसपीएसाठी (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) जेईई मेनचा पेपर २-बी द्यावा लागतो. पुण्यात सीओईपी या अभियांत्रिकीच्या संस्थेतही नियोजनाचा अभ्यासक्रम आहे. पुढे पर्यावरण नियोजनात मास्टर्स करता येतं. तिचा जीव झाडा-पाखरांतच रमत असेल, तर बी.एस्सी. करून गरवारे कॉलेजात बायोडायव्हर्सिटीत एम.एस्सी. हाही चांगला रस्ता आहे, मात्र जोडीला जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचं तंत्र, हवंच. नोकऱ्या सल्लागार कंपन्यांत, संस्थांत, महापालिकांच्या प्रकल्पांत मिळतात. सुरुवातीचा पगार आयटीएवढा नसतो, तेवढी मनाची तयारी ठेवा.

परीक्षा संपली की तिला ओढ्याचा एक किलोमीटर चालू द्या. कुठे फांद्या एकमेकींना भिडतात, कुठे भिंत सुरू होते, कोणत्या झाडाला फळं आहेत, हे वहीत टिपून क्यूजीआयएसवर नकाशा करू दे. सॉफ्टवेअर फुकट आहे. त्या कामात ती कुठे जास्त रमली, झाडं ओळखण्यात की नकाशा काढण्यात, हे बघून मला परत लिहा.