१०^२०२५ − २०२५ या संख्येच्या अंकांची बेरीज कशी काढावी?

१०च्या २०२५व्या घातातून २०२५ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येच्या अंकांची बेरीज ती संख्या लिहून न काढता मिळवता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. नक्की मिळवता येते; उत्तर १८२१७ आहे.

अशा उदाहरणांत खरी अडचण असते ती हातच्यांची. एकावर २०२५ शून्ये असलेल्या संख्येतून काहीही वजा करायला गेलो की एककाच्या घरात लागलेला हातचा थेट डावीकडच्या १कडे मागावा लागतो, आणि मधल्या शून्यांचे किती नऊ झाले हे मोजताना एखादा नऊ सहज कमी-जास्त धरला जातो. म्हणून मी ही वजाबाकी नेहमी (१०^२०२५ − १) − २०२४ अशी मांडतो. कंसातली संख्या म्हणजे ओळीने २०२५ नऊ. नऊमधून कोणताही अंक वजा करताना हातचा लागतच नाही, त्यामुळे २०२४ मधला प्रत्येक अंक आपापल्या स्थानावरच्या नऊमधून सरळ वजा होतो आणि अंकांची बेरीजही नेमकी तेवढ्यानेच घटते. २०२५ × ९ = १८२२५; २०२४ च्या अंकांची बेरीज ८; म्हणून १८२१७. संख्या पाहायचीच असेल तर ती आधी २०२१ नऊ आणि शेवटी ७९७५ अशी आहे.

पडताळ्यासाठी नऊची कसोटी वापरावी. कोणत्याही संख्येला ९ने भागल्यावर जी बाकी उरते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला भागूनही उरते. १०च्या घाताची बाकी १ आणि २०२५ला ९ने निःशेष भाग जातो, म्हणून उत्तराची बाकी १ यायला हवी. घाईत २०२४ ऐवजी २०२५ चे अंक वजा केले तर १८२१६ येते आणि ती चूक येथे लगेच पकडली जाते. मात्र नऊ मोजण्यातली चूक ही कसोटी पकडू शकत नाही, कारण एक अख्खा नऊ गळाला तरी बाकी बदलत नाही. त्यासाठी घातांक लहान घेऊन एकदा हाताने करून पाहावे: १०^५ − २०२५ = ९७९७५, अंकांची बेरीज ३७, म्हणजेच ४५ − ८.

याच युक्तीतून निघणारा एक निष्कर्ष मला फार सुंदर वाटतो. न इतक्या नऊंच्या संख्येला १ ते १०^न यांमधल्या कोणत्याही पूर्णांक म ने गुणले, तरी गुणाकाराच्या अंकांची बेरीज ९न एवढीच राहते. ९९९ × ४७ = ४६९५३ घ्या: बेरीज २७. कारण असे की गुणाकाराचा डावा भाग म − १ असतो, तर उजवीकडच्या न घरांत १०^न − म, म्हणजे सगळ्या नऊंमधून म − १ वजा केलेली संख्या असते. डावीकडे जेवढे अंक मिळवले जातात तेवढेच उजवीकडे कमी होतात. म ची मर्यादा मात्र पाळावी लागते: ९९ × १०० = ९९०० ची बेरीज १८ येते, पण ९९ × १०१ = ९९९९ ची ३६ होते.