सकाळची गोळी आणि बंद पडलेली एसटी

आमच्याकडे आलेला प्रश्न मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाचा होता. आईवडील गुहागर तालुक्यात, खाडीकाठच्या गावात. आईला साखर आणि बीपी, दोन्ही जुनं दुखणं. मार्च २०२० पर्यंत दर तीन महिन्यांनी चिपळूणला तपासणी व्हायची, खेप चुकायची नाही. लॉकडाऊनमध्ये ती सुटली आणि २०२२ चा फेब्रुवारी उजाडला तरी पुन्हा सुरू झाली नव्हती. "आता सगळं उघडलंय, तरी आई जात नाही. गोळ्याही चुकवते. विसराळू झाली की हट्टी, तेच कळत नाही. रोज फोनवर वाद होतो." (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

साथ ओसरल्यावर हाच प्रश्न थोड्याफार फरकाने कितीतरी घरांतून आला. कुठे थायरॉइडची तपासणी राहिलेली, कुठे बाळाची लस, कुठे मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे पुढे ढकललेलं.

"सगळं उघडलंय" हे मुंबईतून दिसतं तसं होतं. गावातून तसं दिसत नव्हतं. आधी लॉकडाऊन, ग्राम कृती दलाचा पहारा, शाळेत विलगीकरण. दवाखान्यात गेलं की टेस्ट करतील आणि कोविड सेंटरला नेतील ही धास्ती होतीच. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ. २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा दवाखाने, मेडिकल, लॅब सगळ्यांचंच नुकसान झालं. त्यातून बाजारपेठ उठते न उठते तोच ऑक्टोबरच्या अखेरीस एसटीचा संप, तो पुढे एप्रिल २०२२ पर्यंत चालला. चिपळूणचा रस्ता त्याच्या आईसाठी, म्हणजे काकूंसाठी, एकदा नव्हे, पुन्हापुन्हा बंद झाला होता. मुलाच्या हिशेबात फक्त पहिला बंद धरलेला होता.

काकूंना काहीच विचारायच्या आधी आम्ही गोळ्या मागितल्या. घरात असतील तेवढ्या सगळ्या, रिकाम्या पट्ट्यासुद्धा. काकूंनी श्रीखंडाचा जुना डबा आणून खाटेवर उपडा केला. बीपीच्या पट्ट्या संपलेल्या, कडेने कात्रीने कापून नीट ठेवलेल्या. साखरेच्या मात्र ढीगभर शिल्लक, तीन-चार पट्ट्यांतून मधल्या मधल्या दोन-दोन गोळ्या फोडलेल्या. बीपीची गोळी संध्याकाळची, साखरेची सकाळची. विसराळू माणूस दोन्ही विसरला असता. इथे एक गोळी बिनचूक चालली होती आणि दुसरीच बुडत होती.

मग लॉकडाऊनच्या आधीचा एक साधा दिवस काकूंकडून तासातासाने सांगून घेतला. "गोळी कधी घ्यायचात?" असं विचारलं की "सकाळी" एवढंच उत्तर मिळतं. म्हणून "त्याच्या आधी हातात काय असायचं?" असं विचारायचं. उत्तर आलं: यजमान साडेसातच्या गाडीने गुहागरला कामाला जायचे. वळणावर गाडीचा हॉर्न वाजला की ते निघायचे, मग काकू पेज घेऊन बसायच्या आणि वाडगा खाली ठेवता ठेवता गोळी. मार्च २०२० मध्ये गाडी बंद झाली, पुढे यजमान निवृत्तही झाले. घरात दोघंच, घाई कशाचीच नाही. पेज कधी आठला, कधी दहाला, कधी नुसता चहा आणि एकदम जेवण. संध्याकाळची गोळी मात्र देवाजवळ दिवा लावला की. दिवेलागण ना साथीने थांबवली ना संपाने, त्यामुळे ती गोळीही थांबली नाही.

दिनचर्या विस्कटली असं आपण म्हणतो, पण तिची नेमकी कोणती खुंटी निखळली ते शोधत नाही. सांगतो काय, तर मोबाइलवर अलार्म लावा. तो वाजतो तेव्हा काकू विहिरीवर असतात, फोन आत चार्जिंगला. बंद करतात आणि "मग घेते" म्हणतात. ज्या कामाला सुट्टी नसते त्याच्याशी औषध बांधलं तर टिकतं.

साखरेची गोळी संध्याकाळी ढकलली की झालं, असं मुलाला वाटलं. तसं परस्पर करू नये. काकूंची गोळी खाण्याशी जोडलेली होती, अशी काही औषधं पोटात अन्न नसताना घेतली तर साखर एकदम उतरते. त्यामुळे आधी न्याहरीची वेळ पक्की करावी लागली. तुळशीला पाणी घातलं की पेज, पेज झाली की गोळी. पट्टी श्रीखंडाच्या डब्यातून काढून पेजेच्या वाडग्यातच ठेवली, म्हणजे वाडगा घेताना ती हातात येणारच. संकष्टीचं काय, हा प्रश्न काकूंनीच काढला, तो डॉक्टरांना विचारायच्या यादीत गेला.

एवढ्याने गोळीचं जमलं. तपासणीचं घोडं अजून अडलेलं होतं, कारण तिथे अडचण वेगळी. वाट तर होती, वडाप (माणशी भाडं घेणारी खाजगी जीप) सुरू होतं. बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, "डॉक्टर विचारतील, दोन वर्षं कुठे होतात? काय सांगू?" रोगाच्या भीतीपेक्षा ही लाज जास्त माणसांना अडवते असं आमचं मत आहे. जितके दिवस जातात तितकं तोंड दाखवणं अवघड होतं, आणि घरच्यांनी रागावून त्यात भरच पडते. धीर देऊन ही लाज जात नाही. डॉक्टरांसमोर बोलायची वाक्यं आधीच तयार असली तर जाते. काकूंनी ती स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहिली: "मार्च २०२० नंतर तपासणी झालेली नाही. बीपीची गोळी रोज घेते. साखरेची आठवड्यातून दोन-तीनदाच घेत होते, आता पंधरा दिवस रोज घेते. हे धरून डोस ठरवा."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. गोळ्या चुकवल्याचं लपवलं की डॉक्टरांना दिसते फक्त वाढलेली साखर. औषध पुरत नाही असं समजून ते डोस वाढवतात. घरी येऊन माणूस घाबरून सगळं बिनचूक घेऊ लागतो आणि चौथ्या दिवशी घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. शुद्ध असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, बरं वाटलं की काहीतरी खायला द्यायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये, १०८ ला फोन करावा. याच कारणाने, बरेच महिने औषध सुटलेलं असेल तर जुन्या चिठ्ठीवरून आपल्या मनाने पूर्ण डोस सुरू करायचा नाही. काकूंच्या बाबतीतही रोजची गोळी सुरू करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर बघून तिथल्या डॉक्टरांना विचारलं होतं.

उलट लबाडीही चालते. तपासणीच्या आधी तीन दिवस भात सोडायचा, गोड बंद. उपाशीपोटीची साखर छान येते. एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी मात्र मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब दाखवते, ती तीन दिवसांच्या उपासाला फसत नाही.

जायच्या दिवशी काय चुकतं ते गावाकडच्यांना ठाऊक असतं, पण कुणी आधी सांगत नाही. रक्त उपाशीपोटी द्यायचं म्हणून बाई रात्री आठला जेवते, पहाटे निघते, लॅबमध्ये नंबर लागेपर्यंत दहा वाजतात. वाटेत सवयीने सकाळची गोळी घेतलेली असली तर चक्कर ठरलेलीच. साखरेची गोळी घरी घ्यायची नाही, सोबत न्यायची. रक्त दिलं की डब्यातली भाकरी, मग गोळी. खायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी दुसरं रक्त. आठ ते दहा तासांचा उपास पुरतो, त्याहून ताणायचं कारण नाही. पाणी चालतं. बीपीच्या गोळीचं सकाळी काय करायचं ते आधी विचारून घ्यावं, बहुतेकांना ती घ्यायलाच सांगतात.

डब्यातून आणखी एक गोष्ट निघाली. लॉकडाऊनमध्ये मुलाने मुंबईहून बीपीच्या गोळ्या पार्सलने पाठवल्या होत्या, आरोग्य केंद्रातूनही मिळत होत्या. पट्टीचा रंग वेगळा, मोठ्या अक्षरातलं नाव वेगळं, पण खाली बारीक अक्षरात औषध एकच, ताकदही तीच. काही दिवस काकू दोन्ही घेत होत्या आणि पाय सुजतात म्हणून काळजीत होत्या. कंपनीचं नाव वाचून भागत नाही, खालचं बारीक नाव आणि मिलिग्रॅम वाचायला हवं. म्हणून सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायच्या. "ती लाल गोळी" म्हणून कुणालाच बोध होत नाही.

पहिल्या खेपेला सगळं उरकायचा हट्ट धरला नाही. बीपी, दोन्ही साखरा, एचबीएवनसी, किडनीसाठी रक्त-लघवी, आणि चप्पल काढून पाय दाखवणं, एवढंच. डोळ्यांचा पडदा तपासायला बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, नंतर काही तास धूसर दिसतं. एकट्या माणसाने वडापने परतायच्या दिवशी ते नको. ती तारीख वेगळी, मुलगा शिमग्याला येईल तेव्हाची.

हे फोनवर होणार नाही का, असं मुलाने विचारलं होतं. फोनवरून वैद्यकीय सल्ल्याचे सरकारी नियम २५ मार्च २०२० लाच आले, त्यानंतर घरबसल्या डॉक्टरांशी बोलायची ई-संजीवनीची सरकारी सोयही सुरू झाली. आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाची चालू औषधं पुढे चालवायला, रिपोर्ट दाखवायला ही सोय उत्तम. ज्यांच्या गावात रेंजसाठी सड्यावर चढावं लागतं त्यांनी चिठ्ठीचा फोटो आणि प्रश्न आधी पाठवून ठेवावेत. पण तळपायाची जखम, डोळ्याचा पडदा फोनमधून दिसत नाहीत, आणि दोन वर्षांच्या खंडानंतर पहिली भेट समोरासमोरच हवी.

घरी बीपी मोजायचं यंत्र मुलाने पाठवलं. यंत्राने पहिल्याच दिवशी घोटाळा केला, कारण काकूंनी मशेरी लावून, घागर आणून लगेच मोजलं. मशेरी, चहा, कष्टाचं काम यानंतर अर्धा तास जाऊ द्यावा. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं, दंड छातीच्या उंचीवर. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. सकाळ-संध्याकाळ असं सात दिवस केलं की डॉक्टरांच्या कामाची वही होते. रोज दहादा मोजून मुलाला फोटो पाठवण्यात काही अर्थ नाही, त्याने दोघांचंही बीपी वाढतं.

मुलाचं काम एवढंच ठरलं, "गोळी घेतलीस का?" हा प्रश्न बंद. त्याचं उत्तर "हो" असंच येतं. रविवारी पट्टीचा फोटो मागायचा, बाकी गप्पा.

हे सगळं धिम्या गतीचं काम आहे, प्रत्येकाला ते लागू नाही. इन्सुलिन, फिटांच्या, मानसिक आजाराच्या किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या सुटल्या असतील तर सवय बसवत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूची ताकद जाणं, बोलणं अडखळणं, यात तारखेची वाट बघायची नसते, १०८. आणि बाळाच्या लशी राहिल्या असतील तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथे थांबल्या तिथून पुढे देतात, कार्ड घेऊन आशाताईंना भेटावं.

काकूंची साखर वाढलेली निघाली, पण डॉक्टरांनी कागद वाचून डोस तोच ठेवला आणि तीन महिन्यांनी यायला सांगितलं. पावसाच्या तोंडावर पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या घेऊन ठेवायचं ठरलं, रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही म्हणून. पुढची तारीख बुधवारची मागून घेतली. शेजारच्या वहिनी बुधवारी गुडघ्याच्या व्यायामासाठी चिपळूणला जातात, आणि दोघी असल्या की वडापवाला दारापर्यंत येतो.