एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) 'मध्यम' असतानाही आईला धाप का लागते? दोष नेमका कोणत्या प्रदूषकाचा, हे संशोधक कसं ठरवतात?

तुम्ही मिरजेचे. गाळप हंगामात मोबाईलवर एक्यूआय १२० च्या आसपास दिसतो, तरी आईंचा दमा उसळतो, मग हा आकडा खोटा का, असं तुम्ही विचारलंय. मी सांगलीत संख्याशास्त्र शिकवतो, तेव्हा आकड्यांच्या अंगाने सांगतो.

आकडा खोटा नाही, पण तो अख्ख्या हवेचा नाही. आपल्या एक्यूआयमध्ये आठ प्रदूषक धरलेत. प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढायचा आणि त्यातला सगळ्यात मोठा तोच त्या दिवसाचा एक्यूआय. समजा, आज पीएम १० (हवेतले १० मायक्रॉनपर्यंतचे कण) चा १२० आणि बाकी सगळे तिशीच्या आत. उद्या पीएम १० चा १२०च, पण नायट्रोजन डायऑक्साइड ११० आणि ओझोन १०५. पडद्यावर दोन्ही दिवशी १२०च. फुप्फुसांनाही हे दोन दिवस सारखेच, असं मानायला काहीच आधार नाही. कॅनडात ओझोन, नायट्रोजन डायऑक्साइड आणि पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपर्यंतचे अतिबारीक कण) या तिघांची जोखीम एकत्र धरणारा आरोग्य निर्देशांक वापरतात. आपल्याकडेही तो असायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आता नेमका दोष कोणाचा? पाचट पेटवलं की बारीक कण, कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन हे सगळं एकाच धुरातून निघतं. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, धूर वर चढत नाही, आणि सगळ्यांचंच प्रमाण एकदम वाढतं. उसाच्या गाडीला दोन बैल कायम एकत्रच जुंपले, तर कोणी किती ओढलं ते सांगता येत नाही, तसंच हे. सगळे प्रदूषक एका समीकरणात घातले की उत्तरं डळमळतात. एखादा वायू चक्क तब्येतीला चांगला ठरतो! १९५२ च्या लंडनच्या धुरक्यातही धूर आणि सल्फर डायऑक्साइड एकदमच वाढले होते, त्यामुळे मृत्यूंचा दोष दोघांत वाटणं अवघड होतं.

म्हणून गेल्या काही वर्षांत मिश्रणासाठीच्या वेगळ्या पद्धती आल्या. एकीत प्रत्येक प्रदूषकाच्या प्रमाणानुसार लोकांचे चार गट पाडतात, प्रदूषकांना कमी-जास्त वजन देतात आणि त्या भारित बेरजेचा आजाराशी संबंध तपासतात. तिची अडचण अशी की सगळ्यांचा परिणाम एकाच दिशेने होतो, असं गृहीत धरावं लागतं. २०१५ मध्ये मांडलेली बेझियन कर्नल मशीन रिग्रेशन मला जास्त पटते. ज्यांनी साधारण सारखं मिश्रण श्वासात घेतलं, त्यांच्या तब्येतीवरचा परिणामही जवळपास सारखा असणार, या धाग्याने ती जाते. कण जास्त असताना ओझोनचा त्रास वाढतो का, हेही तिच्यातून तपासता येतं. पण जे प्रदूषक कधी वेगळे होतच नाहीत, त्यांना तीही वेगळं करू शकत नाही.

हवा सुधारायची गरज असलेल्या शहरांसाठी केंद्राचा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आहे, त्याच्या यादीत सांगली आहे. पण हाताने नमुने घेण्याची जुनी पद्धत आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला १०४ दिवसांची. मिश्रणाच्या अभ्यासाला रोजच्या आणि सगळ्या प्रदूषकांच्या नोंदी लागतात. मिरजेच्या दवाखान्यांत तर कर्नाटकातूनही पेशंट येतात, म्हणून प्रत्येकाच्या राहत्या गावाची नोंद हवी. नाहीतर तिकडच्या हवेचा दोष इकडच्या हवेवर येईल.

गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर जी काजळी पडते, बोटाने चोळली की काळा पट्टा उमटतो, तिच्यावरून हवा जोखू नका. ते कण मोठे, फुप्फुसात खोल जात नाहीत. खोल जातं ते डोळ्यांना न दिसणारं पीएम २.५.

आईंसाठी एक वही करा. तारीख, धाप लागली ती वेळ, जवळपास पाचट किंवा कचरा जळत होता का, घरात उदबत्ती किंवा फोडणीचा धूर होता का, इनहेलर किती वेळा घ्यावा लागला, आणि एक्यूआयसोबत प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा आकडा. पहाटेचं फिरणं हंगामापुरतं उन्हं वर आल्यावर करा. पुढच्या तपासणीला वही डॉक्टरांना दाखवा. इनहेलरची मात्रा ठरवायला त्यांना तिचा उपयोग होईल.