बरे गेम खंय गावतत?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गणपतीच्या सुटीआधीचा अंक असल्यामुळे असेल, या वेळी गेमबद्दलची पत्रं जास्त आली. बहुतेकांची अडचण सारखीच आहे: संगणक आहे, पण त्यावर विंडोज नाही. उत्तरांतल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत करा.

प्रश्न : माझा जुना लॅपटॉप आता धाकट्या भावाकडे आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. विंडोज रडतखडत चालायचं म्हणून दुकानदाराने लिनक्स मिंट टाकून दिलं. आता भाऊ रोज विचारतो, ‘बरे गेम खंय गावतत?’, म्हणजे चांगले गेम कुठे मिळतात? (एक वाचक, कणकवली)

उत्तर : गेमची नावं नंतर शोधा, आधी लॅपटॉपला काय पेलतं ते बघा. मिंटच्या मेनूत ‘सिस्टीम रिपोर्ट्स’ आहे. त्यात ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडून ग्राफिक्सचा भाग वाचा. ओपनजीएलच्या ओळीत इंटेलचं नाव असलं की काळजी नाही. तिथे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं तर चित्रं काढायचं काम प्रोसेसरच्या गळ्यात पडलं आहे असं समजा, मग साधा गेमही रांगत चालणार. मिंट बसवताना ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ निवडला असेल तर असं होतं. ग्रबच्या (लॅपटॉप सुरू होताना लिनक्स चालू करणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये ‘नोमोडसेट’ हा शब्द राहून जातो. तो काढून ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करा.

आता वाईट बातमी. ‘स्टीम’ या गेमच्या ऑनलाइन दुकानातलं ‘प्रोटॉन’ विंडोजचे गेम लिनक्सवर चालवतं, ते डायरेक्टएक्स या विंडोजच्या ग्राफिक्स-भाषेतल्या आज्ञा व्हल्कन या दुसऱ्या ग्राफिक्स-भाषेत फिरवून. हे काम करणाऱ्या डीएक्सव्हीकेला २०२२ साली आलेल्या २.० आवृत्तीपासून व्हल्कन १.३ लागतं, आणि चौथ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्सला ते पुरतं जमत नाही. त्यामुळे विंडोजचे नवे थ्रीडी गेम या लॅपटॉपवर चालवायच्या खटपटीत सुटी घालवू नका.

पण मिंटच्या ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मध्येच गेमचा एक विभाग आहे. तिथले बहुतेक गेम फुकट आहेत, जाहिराती नाहीत, एकदा उतरवले की नेट लागत नाही. पाळीपाळीने लढायचं असेल तर ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ घ्या. भावंडांनी एकाच कीबोर्डवर खेळायला ‘हेजवॉर्स’ उत्तम. गाड्यांच्या शर्यतीला ‘सुपरटक्सकार्ट’ आहे, फक्त ग्राफिक्सची पातळी सगळ्यात खाली ओढा आणि रिझोल्यूशन १३६६ × ७६८ वरून १०२४ × ५७६ च्या आसपास आणा. ‘झीरो ए.डी.’ दिसायला या सगळ्यांत देखणा, पण सैन्य वाढलं की शेकडो शिपायांच्या वाटा शोधता शोधता प्रोसेसर दमतो. सामना मांडतानाच नकाशा लहान घ्या आणि लोकसंख्येची मर्यादा १०० वर ठेवा.

एकच गेम सुचवायचा तर ‘ओपनटीटीडी’. रेल्वे, रस्ते, बोटी बांधून माल-माणसं पोचवायची. हा या लॅपटॉपवर लोण्यासारखा चालतो. ‘ओपनटीटीडी-ओपनजीएफएक्स’ हे चित्रांचं पॅकेज सोबत घ्या. आवाज येत नसेल तर गेममधल्या ‘चेक ऑनलाइन कंटेंट’मधून ‘ओपनएसएफएक्स’ उतरवा. नवा खेळाडू हमखास अडकतो तो सिग्नलपाशी. एकेरी मार्गाच्या मध्येच सिग्नल टाकले की दोन गाड्या समोरासमोर येऊन दिवसभर एकमेकींचं तोंड बघत उभ्या राहतात. एकेरी मार्ग मोकळाच ठेवा. क्रॉसिंगच्या जागी दोन रूळ करा आणि त्या प्रत्येक रुळाच्या बाहेर पडणाऱ्या टोकाला एक ‘वन-वे पाथ सिग्नल’ लावा. पुढच्या क्रॉसिंगपर्यंतची वाट मोकळी असेल तरच गाडी हलते. कोकण रेल्वेच्या रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटरच्या, अजूनही बव्हंशी एकेरी असलेल्या मार्गावर क्रॉसिंगला ताटकळलेल्या माणसाला हे दोनदा सांगावं लागणार नाही.

बाहेरून गेम घ्यायचे तर ‘इच डॉट आयओ’वर लिनक्स आणि ‘फ्री’ अशा दोन्ही चाळण्या लावा. विकतमध्ये ‘स्टारड्यू व्हॅली’, ‘एफटीएल’ आणि ‘मिनी मेट्रो’ या तिन्हींच्या खास लिनक्स आवृत्त्या आहेत, आणि तिन्ही टूडी असल्यामुळे हलक्या आहेत. जुन्या धाटणीची कोडी आवडत असतील तर जुने गेम चालवणारा ‘स्कमव्हीएम’ बसवा. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ आणि ‘फ्लाइट ऑफ द अ‍ॅमेझॉन क्वीन’ हे दोन्ही गेम हक्कदारांनीच फुकट केलेले आहेत, त्यामुळे चोरीचा प्रश्न नाही.

उतरवलेला गेम ‘परमिशन डिनाइड’ म्हणाला तर फाइलवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, ‘परमिशन्स’ आणि तिथे ‘प्रोग्राम म्हणून चालू द्या’ या अर्थाची खूण करा. ती खूण टिकतच नसेल तर गेम पेनड्राइव्हवर असणार. फॅट किंवा एक्सफॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ही परवानगी साठवता येत नाही. गेम आधी होम फोल्डरमध्ये आणा.

खर्च करायचाच तर रॅमवर करा. या पिढीच्या लॅपटॉपना सहसा १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. दुसरी जागा रिकामी असेल तर ४ जीबीची आणखी एक पट्टी घाला. आतलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे एका मोठ्या पट्टीपेक्षा दोन सारख्या पट्ट्यांनी वेग जास्त वाढतो. आणि गेम पंधरा-वीस मिनिटं बरा चालून मग अडखळत असेल तर दोष गेमचा नाही. आपल्या दमट हवेत पंख्याच्या जाळीवर धूळ चिकटून बसते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःच वेग कमी करतो. जाळी साफ करून घ्या, गेममध्ये फ्रेमची मर्यादा ३० वर बांधा.

प्रश्न : मुंबईचे भाऊ व्हॅलोरंट खेळतात. माझ्याकडे चांगलं ग्राफिक्स कार्ड आहे, पण उबंटू लिनक्स आहे. काही जुगाड? (रत्नागिरी)

उत्तर : नाही. व्हॅलोरंटचा ‘व्हॅनगार्ड’ हा लबाडी पकडणारा पहारेकरी विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, बसतो आणि प्रोटॉनमध्ये तो कर्नलच नसतो. व्हर्च्युअल मशीनमध्येही तो दाद देत नाही. फोर्टनाइटचीही आशा सोडा. ‘बॅटलआय’ आणि ‘ईझी अँटी-चीट’ हे दोन पहारेकरी २०२१ पासून प्रोटॉनला वाट देऊ शकतात, पण ती उघडायची की नाही हे गेमवाले ठरवतात, आणि उघडलेली बंदही करतात. एपेक्स लेजेंड्स लिनक्सवर छान चालायचा, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर तो बंद झाला. म्हणून ऑनलाइन गेमवर पैसे घालण्याआधी ‘आर वी अँटी-चीट येट’ या यादीत त्याचं नाव बघून घ्या. भावांना तुमच्याकडे ओढायचं असेल तर ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘डोटा २’ लिनक्सवर थेट चालतात, फुकटही आहेत. वजन मात्र कित्येक जीबी.

प्रश्न : एकाच संगणकावर विंडोज आणि मिंट दोन्ही आहेत. स्टीमचे गेम डी ड्राइव्हवर आहेत. तीच जागा मिंटमधल्या स्टीमला दाखवली. गेम ‘इन्स्टॉल्ड’ दिसतो, प्ले दाबल्यावर बटण क्षणभर बदलतं आणि पुन्हा प्ले. प्रोटॉनवर कोणता गेम कसा चालतो ते सांगणाऱ्या प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर तर त्याला ‘प्लॅटिनम’ आहे! (कुडाळ)

उत्तर : गेम ठीक आहे, त्याची जागा चुकली आहे. डी ड्राइव्ह विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीचा असतो. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी ‘कम्पॅटडेटा’ फोल्डरात एक खोटं विंडोज उभं करतं आणि त्यात नावातच विसर्गासारखी दोन टिंबं असलेला ‘सी:’ नावाचा दुवा बनवतं. एनटीएफएसला असं नाव चालत नाही, म्हणून मांडणी अर्धवट राहते आणि गेम मुकाट्याने बंद पडतो. त्यातून विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर लिनक्सला तो ड्राइव्ह फक्त वाचता येतो, लिहिता येत नाही.

उपाय असा. महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढा. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून डी ड्राइव्ह आवळून जागा मोकळी करा, मग मिंटमधल्या ‘डिस्क्स’ने त्या जागेत लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीचा विभाग बनवा. स्टीममध्ये ‘सेटिंग्ज’, ‘स्टोरेज’ इथे तो नवा विभाग जोडा आणि गेम निवडून ‘मूव्ह’ करा. पुन्हा उतरवायची गरज नाही. स्टीम फ्लॅटपॅकमधून (प्रोग्राम बंदिस्त पेटीत देणाऱ्या पद्धतीने) घेतलं असेल तर त्याला दुसरे ड्राइव्ह दिसत नाहीत, ‘फ्लॅटसील’मधून परवानगी द्यावी लागते. उबंटूवाल्यांनी स्नॅप या तशाच पद्धतीचं स्टीम टाळून स्टीमच्या संकेतस्थळावरची डेब फाइल (बसवायची फाइल) घ्यावी. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

एक धोक्याची सूचना. ‘कम्पॅटडेटामधलं फोल्डर उडवा’ असा सल्ला सर्रास मिळतो. तुमचे सेव्ह बहुतेकदा त्याच फोल्डरात असतात. गेमला स्टीम क्लाउड नसेल तर आधी त्याची प्रत काढा, नाहीतर महिन्याचा खेळ पाण्यात.

प्रोटॉनडीबीवरच्या पदकाला फार भुलू नका. खालचे अलीकडचे अभिप्राय वाचा आणि त्यातही तुमच्यासारखं ग्राफिक्स असलेल्याचं काय झालं ते बघा. नवं कार्ड असलेल्या दहाजणांनी दिलेलं प्लॅटिनम तुमच्या जुन्या इंटेलला लागू नाही. उलटही घडतं: एखाद्या गेमची लिनक्स आवृत्ती वर्षानुवर्षं तशीच पडलेली असते आणि विंडोजची आवृत्ती प्रोटॉनमधून जास्त सुरळीत चालते. ‘प्रॉपर्टीज’, ‘कम्पॅटिबिलिटी’मध्ये जाऊन प्रोटॉन सक्तीने निवडून बघा. नाहीच जमलं तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर स्टीम पैसे परत देतं. धडपडीत गेम उघडा ठेवलेला वेळही त्या दोन तासांत मोजला जातो, घड्याळाकडे लक्ष असू द्या.

प्रश्न : शाळेत सहा जुने संगणक, सगळ्यांवर एकच उबंटू, इंटरनेट नाही. पहिली ते चौथीच्या मुलांना काय देऊ? (शिक्षिका, गुहागर तालुका)

उत्तर : ‘जीकॉम्प्री’ आणि ‘टक्स पेंट’. पहिला दोन ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे: माऊस धरण्यापासून बेरजा, घड्याळ, कोडी, बुद्धिबळापर्यंत. टक्स पेंट मराठीतून चालतो, भाषा ‘टक्स पेंट कॉन्फिग’मध्ये निवडता येते. चित्रांचे ठसे आले नाहीत तर ‘टक्सपेंट-स्टॅम्प्स-डिफॉल्ट’ हे वेगळं पॅकेज टाका.

सहापैकी एक संगणक घरी किंवा नेट असेल तिथे न्या. टर्मिनलमध्ये नुसतं ‘एपीटी’ न वापरता ‘एपीटी-गेट’ने बसवा. ‘एपीटी’ काम झालं की उतरवलेल्या फाइली पुसतं, ‘एपीटी-गेट’ त्या ‘व्हार’, ‘कॅशे’, ‘एपीटी’, ‘अर्काइव्ह्ज’ या फोल्डरांच्या वाटेवर ठेवतं. तिथल्या डेब फाइली पेनड्राइव्हवर घेऊन बाकीच्या पाचांवर ‘डीपीकेजी’ने एकदमच बसवा. एकेक करून बसवायला गेलात तर प्रत्येक फाइल दुसरीसाठी अडून बसेल. जीकॉम्प्रीचे आवाज आणि संगीत वेगळं उतरतं, तेही नेट असतानाच त्याच्या सेटिंगमधून घ्या.

प्रश्न : मॅकबुकवर मुलाचे जुने गेम अपडेटनंतर उघडेनात. (अलिबाग)

उत्तर : २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकने ३२-बिट प्रोग्राम बंद केले, ते परत येणार नाहीत. नवीन घेताना स्टीमच्या पानावर ‘अ‍ॅपल सिलिकॉन’ असा उल्लेख शोधा. फक्त इंटेल मॅकसाठीचे गेम अ‍ॅपलच्या स्वतःच्या एम-चिपवर रोझेटा या दुभाषी प्रोग्राममधून चालतात, पण अ‍ॅपलने रोझेटा मॅकओएस २७ पर्यंतच पूर्ण स्वरूपात देणार असं सांगितलं आहे. विंडोजच्याच एखाद्या गेमवर जीव असेल तर विंडोजचे प्रोग्राम मॅकवर चालवणाऱ्या ‘क्रॉसओव्हर’ची १४ दिवसांची मोफत चाचणी घ्या, गेम चालला तरच पैसे भरा.

प्रश्न : घरात रेंज नाही, सड्यावर गेलं तर येते. रोजचा दीड जीबी डेटा. मोठा गेम उतरवायचा कसा? (राजापूर तालुका)

उत्तर : उतरवू नका, आणवा. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याच्या लॅपटॉपवर तोच गेम असेल तर स्टीम २०२३ पासून घरच्या नेटवर्कवरून गेम थेट दुसऱ्या संगणकावर पाठवतं. ‘सेटिंग्ज’, ‘डाउनलोड्स’मध्ये ‘गेम फाइल ट्रान्सफर’ आहे. खाती वेगळी असतील तर दोघांनीही तिथे ‘फ्रेंड्स’ किंवा ‘एनीवन’ निवडा. गेम दोन्ही खात्यांवर असायला हवा, आणि जुळणी होण्यापुरतं थोडं नेट लागतं. मोठी फाइल मात्र राउटरवरून जाते, डेटा खात नाही. फोनच्या हॉटस्पॉटवर दोन लॅपटॉप एकमेकांना दिसले नाहीत तर साधा वायफाय राउटर मध्ये ठेवा.

तेही नाही जमलं तर ‘प्रॉपर्टीज’, ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’मधून बॅकअप घेऊन तो हार्ड डिस्कवर मागवा. लिनक्सवर असाल तर प्रोटॉन आणि त्याचा रनटाइम हे काही शे एमबीचं ओझं वेगळं येतं, त्याचा हिशेब धरा. ‘शेडर प्री-कॅशिंग’ (ग्राफिक्सची तयारी आधीच उतरवून ठेवणं) बंद करा, ते गुपचूप डेटा खातं; बदल्यात पहिल्यांदा खेळताना थोडे झटके बसतील. गेम सड्यावर एकदा ऑनलाइन असताना उघडून पाहा आणि मगच स्टीमला ‘ऑफलाइन मोड’मध्ये टाका. घरी येऊन पहिल्यांदा उघडायला गेलात तर पुन्हा सडा चढावा लागेल.